पटनीटॉपच्या डेऱ्यावरची कलाडी

काश्मीरला जाणारे आपल्याकडचे बहुतेक लोक उधमपूर झोपेत ओलांडतात. नगर किंवा मनमाडला झेलम एक्सप्रेसमध्ये बसायचं, दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस गाडीत काढायचा, तिसऱ्या दिवशी सकाळी जम्मू तवीला उतरायचं आणि लगेच टॅक्सी करून श्रीनगरकडे निघायचं. अंग आंबलेलं असतं, डोळ्यांवर झापड असते आणि मनात फक्त दल सरोवर असतं. जम्मूपासून साधारण ६५ किलोमीटरवर उधमपूर येतं. गावाचं नाव महाराजा गुलाबसिंग यांचे थोरले चिरंजीव उधमसिंग यांच्यावरून पडलं. ज्यांच्या घरातले लोक फौजेत आहेत त्यांना हे नाव ओळखीचं असतं, कारण लष्कराच्या उत्तर कमांडचं मुख्यालय इथे आहे. बाकीच्यांना ते वाटेतलं एक गजबजलेलं गाव वाटतं.

पुढे चेनानीला बोगदा लागतो. चेनानी ते नाशरी, साधारण नऊ किलोमीटर लांब. २०१७ साली तो सुरू झाला आणि श्रीनगरची वाट सुमारे तीस किलोमीटरने कमी झाली. बर्फात आणि पावसात अडकून पडणाऱ्या वाहनांची मोठी सोय झाली, यात शंकाच नाही. पण रस्ता जसा डोंगराच्या पोटातून गेला, तशी डोंगरावरची कुद, पटनीटॉप, बटोत ही गावं वाटेवरून बाजूला पडली. आता तिथे मुद्दाम जावं लागतं. आम्ही मे महिन्याच्या सुट्टीत मुद्दाम गेलो, आणि त्याला कारण झाली कलाडी.

कलाडी म्हणजे काय, हे आधी सांगते. इंग्रजी पाट्या वाचून आपण तिला 'कलारी' म्हणतो. तिथले लोक 'कलाड़ी' म्हणतात, 'ड़' अगदी ठसठशीत. ते एक प्रकारचं चीज आहे. पुरीएवढी गोल, बोटभर जाडीची, पिवळसर पांढरी चकती. उधमपूर जिल्हा, त्यातही रामनगरचा भाग, यासाठी प्रसिद्ध आहे. जसं आमच्या बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं, तसं उधमपूरच्या कलाडीलाही मिळालेलं आहे. कोणी तिला डोंगरातलं मोझरेला म्हणतं. मला ही तुलना फारशी आवडत नाही. आपल्या मातीतल्या चांगल्या वस्तूला परदेशी नाव चिकटवल्याशिवाय आपलं समाधान होत नाही, एवढंच तिच्यातून दिसतं.

तव्यावरचा आवाज

उधमपूरच्या बाजारात आमच्या ड्रायव्हरने गाडी थांबवली. "मॅडमजी, कलाड़ी खाए बग़ैर यहाँ से कोई नहीं जाता," एवढंच तो म्हणाला. एका हातगाडीवर मोठा काळाभोर तवा होता. गाडीवाले काका डोग्रा हिंदू. त्यांनी चार चकत्या तव्यावर टाकल्या. तेल नाही, तूप नाही, लोणी नाही. कोरड्या तव्यावर कोरडी चकती. मुलगी माझ्या कानात म्हणाली, "अम्मी, चिकटणार बघ."

चिकटली नाही. मिनिटाभरात चकतीच्या कडेने तुपाचे थेंब सुटायला लागले आणि तवा चुरचुरू लागला. कलाडी स्वतःच्याच तुपात तळली जात होती. काकांनी वरून मीठ भुरभुरलं, उलथन्याने हलकेच दाबलं आणि उलटली. खालची बाजू तांबूस, खरपूस झाली होती. दुसरी बाजू होईपर्यंत त्यांनी त्याच सुटलेल्या तुपात मधून चिरलेला कुलचा शेकला, त्यात कलाडी ठेवली, बारीक कांदा आणि चिंचेची चटणी घातली आणि कागदात गुंडाळून दिला.

पहिला घास तोडताना तार निघाली. हातभर लांब नाही, पण वीतभर नक्की. बाहेरून भाजलेल्या सायीसारखं कुरकुरीत आणि आत मऊ, लोण्यासारखं, किंचित आंबट. आमच्या धाकट्याने पाचव्या मिनिटाला दुसरा मागितला. त्याने आजवर चीज खाल्लं होतं ते पिझ्झ्यावरचं आणि पाकिटातल्या चौकोनी कापाचं. हे दूध आहे, यावर त्याचा विश्वास बसेना.

मी काकांना विचारलं, हे तुम्ही घरी करता का? ते म्हणाले, "नहीं जी, ये तो गुज्जर भाई बनाते हैं. हम सिर्फ़ सेंकते हैं." दूध मुसलमान गुज्जराच्या म्हशीचं, चकती त्याच्या घरच्या बाईने थापलेली, आणि तवा डोग्रा हिंदूचा. गिऱ्हाईकही दोन्हीकडचं. या भागात हे कोणाला सांगण्यासारखं वाटतही नाही. मला मात्र ते वहीत लिहून ठेवावंसं वाटलं.

डेऱ्यावर

गुज्जर आणि बकरवाल हे जम्मू-काश्मीरमधले मुस्लिम पशुपालक समाज. १९९१ साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. बकरवाल शेळ्या-मेंढ्या पाळतात. गुज्जरांमध्ये काही शेती करून एका जागी राहतात आणि काही, ज्यांना दोधी म्हणतात, ते म्हशींवर जगतात. भाषा गोजरी, लिहायची ती उर्दू लिपीत. हिवाळा ते खाली जम्मूच्या बाजूच्या टेकड्यांत काढतात. एप्रिल-मे आला, खालचं गवत वाळलं, की म्हशी, घोडे, कुत्री, भांडीकुंडी, म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं घेऊन डोंगर चढायला लागतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये थंडी पडू लागली की पुन्हा खाली. मे महिन्यात त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने त्यांचे कळप पाहिलेले असतात. आपण गाडीतून हॉर्न वाजवतो आणि म्हशी आपल्या गतीने बाजूला होतात.

पटनीटॉप सुमारे दोन हजार मीटर उंचीवर आहे. देवदारांची दाट राई आणि मे महिन्यातही स्वेटर लागेल अशी हवा. तिथून सनासरच्या कुरणांकडे रस्ता जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरने ओळखीच्या एका डेऱ्यापाशी आम्हाला नेलं. उतारावर दगड-मातीचा सपाट छताचा कोठा, बाजूला म्हशींचं दावण आणि धुराचा वास. पुरुष म्हशी घेऊन वर गेले होते. घरात एक पस्तिशीची बाई, तिची सासू आणि दहा-अकरा वर्षांची मुलगी. आम्ही सलाम केला. त्यांनी जवाब दिला आणि पुढचे दोन तास आम्ही पाहुणे होतो.

चुलीवर लोखंडी कढई होती, त्यात सकाळचं म्हशीचं दूध. उकळलेलं नव्हतं, नुसतं कोमट. आपाने त्यात आदल्या दिवशीच्या कलाडीची निवळी, म्हणजे दूध फाटल्यावर उरलेलं आंबट पाणी, थोडं थोडं ओतलं आणि लाकडी घुसळणीने दूध जोरात हलवत राहिली. बोलणं चालू, हात चालू. हळूहळू दुधात पांढरे गोळे दिसायला लागले, मग ते एकमेकांना चिकटले, आणि कढईत हिरवट पाण्यात एकच मऊ गोळा तरंगायला लागला. तिने विस्तव जरा वाढवला, गोळा गरम झाला तसा हाताने दाबून, दुमडून, पुन्हा दाबून त्यातलं पाणी काढलं. हात भाजत असणार, पण तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. गोळा चकचकीत झाला, ओढला तर ताणला जाऊ लागला. मग लिंबाएवढे तुकडे तोडून, तळहातावर थापून, झाडाच्या रुंद पानांवर उन्हात मांडले. उरलेल्या निवळीतली थोडी दुसऱ्या दिवसासाठी मडक्यात, बाकीची कुत्र्यांना आणि वासरांना.

मी विचारलं, दूधच का विकत नाही? आपा हसली. म्हणाली, "बाजी, दूध को तो सुबह का सुबह नीचे पहुँचना है. हम ऊपर, बाज़ार नीचे." खाली जम्मूजवळ असतात तेव्हा ते दूधच विकतात. रोज सकाळी मोटारसायकलवर कॅन बांधून घरोघर. पण उन्हाळ्यात कुरण वर आणि गिऱ्हाईक खाली. दूध दुपारपर्यंत नासतं, कलाडी दिवसभर उन्हात वाळवली की काही दिवस टिकते आणि खालचा माणूस आठवड्याने आला तरी चालतं. कोकणातल्या बाया जशी सुकट वाळवतात, आंबापोळी घालतात, तसंच हे. ज्या काळात जे भरपूर आहे ते दुसऱ्या दिवसांसाठी, दुसऱ्या गावासाठी बांधून ठेवायचं.

सूरह नहलमध्ये दुधाचा जो उल्लेख आहे, की जनावराच्या पोटातल्या घाणीच्या आणि रक्ताच्या मधून अल्लाह निर्मळ दूध देतो आणि त्यात विचार करणाऱ्याला बोध आहे, तो मी वर्गात किती वेळा सांगितला असेल. पण त्या दुधाची बरकत टिकवायला एका बाईचे हात रोज सकाळी किती भाजतात, ते त्या चुलीपाशी बसून कळलं.

मुलीची शाळा

ती मुलगी आईला लाकडं आणून देत होती. मी विचारलं, कितवीत? म्हणाली, पाचवीत. शाळा खाली, हिवाळ्याच्या गावात. आता काय? आता वर. सरकार उन्हाळ्यात अशा डेऱ्यांसाठी हंगामी शाळा चालवतं, त्यासाठी हंगामी शिक्षकही नेमतं. काही ठिकाणी ते कळपाबरोबर चढतात, कुरणातच वर्ग भरवतात. मी विचारलं, तुमच्याकडे येतात का मास्तर? ती म्हणाली, मागच्या वर्षी आले होते, या वर्षी अजून नाही.

मी माझी वही तिच्यापुढे धरली. म्हटलं, कलाडी लिहून दाखव. तिने पेन्सिल घट्ट धरून उर्दूत लिहिलं, आणि शेवटी 'रे' नाही, नीट 'ड़े' काढला, वरच्या छोट्या 'तोय'सकट. मग कढई, घुसळणी, म्हैस, पान असे शब्द लिहिले. अक्षर वळणदार होतं. उर्दूच्या शिक्षिकेला एका नजरेत कळतं, हे मूल शिकणारं आहे.

तिची आई माझ्याकडे बघत होती. ती मला जे म्हणाली ते मी विसरू शकत नाही. म्हणाली, ही शिकावी असं वाटतं. तिचा बाप म्हणतो, पुढच्या वर्षीपासून खालीच राहू, म्हशी विकून टाकू, मजुरी करू, पोरगी रोज शाळेत जाईल. आणि तिची आजी म्हणते, म्हशी गेल्या तर आपण कोण राहिलो?

म्हातारी बाजूला तसबीह फिरवत होती. ती काही बोलली नाही.

आमच्या बीड भागातल्या शिक्षकांना हा प्रश्न नवा नाही. दसरा-दिवाळी झाली की वर्ग निम्मे रिकामे होतात. आई-बाप कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि मुलं बैलगाडीवर नाहीतर ट्रॅक्टरवर बसून जातात. त्यात आपली मुसलमान मुलंही असतात. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं निघाली. कुठे चांगली चालली, कुठे कागदावर राहिली. एप्रिलमध्ये मूल परत येतं तेव्हा ते पाढे विसरलेलं असतं आणि वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसतं.

पण दोन्हींत एक मोठा फरक आहे आणि तो मला त्या डेऱ्यावर जाणवला. ऊसतोड कामगाराचं स्थलांतर ही त्याची मजबुरी आहे. संधी मिळाली तर तो उद्या कोयता टाकेल आणि आपण त्याला शाबासकी देऊ. गुज्जराचं स्थलांतर ही त्याची मजबुरी आहे, पण तेच त्याचं ज्ञानही आहे. कोणत्या महिन्यात कोणत्या उतारावर गवत येतं, आजारी म्हशीला कोणता पाला द्यायचा, दूध किती कोमट असताना निवळी ओतायची, हे त्या म्हातारीला माहीत आहे आणि ते कोणत्याही पुस्तकात नाही. मुलगी खाली राहिली तर पुस्तकातलं शिकेल आणि हे विसरेल. वर आली तर हे शिकेल आणि पुस्तक सुटेल. आपण शहरात कुलचा खाताना वाहवा करतो, बाजारात मानांकनाचं कौतुक करतो. पण ती चकती आपल्यापर्यंत पोहोचते ती कोणाच्या तरी मुलीची शाळा बुडवून, ही गोष्ट कोणत्याही पाकिटावर छापलेली नसते.

यातून निवड त्या घरावर ढकलायची नसते, असं माझं मत आहे. मूल शाळेपर्यंत पोहोचत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जायचं. मास्तर वेळेवर आला, मे महिन्यातच आला, ऑक्टोबरपर्यंत राहिला, त्याचा पगार वेळेवर झाला, आणि मुलीची वरच्या शाळेतली हजेरी खालच्या शाळेत धरली गेली, तर म्हशी विकायचं कारण उरत नाही. ही फार मोठी मागणी नाही. आमच्याकडच्या साखरशाळांबद्दलही आम्ही शिक्षक हेच म्हणत आलो.

निघताना आपाला कलाडीचे पैसे विचारले तर घेईना. मेहमान आहात म्हणाली. शेवटी आम्ही वीस कलाड्या विकत घ्यायच्या आहेत असं ठरवून सांगितलं, तेव्हा घेतले. खालच्या दुकानात एका नगाला जे द्यावं लागतं त्याच्या निम्मंही ती मागत नव्हती. आम्ही दुकानाचाच भाव दिला. वही मुलीकडे ठेवली, ती पानं मात्र फाडून घेतली.

पनीर का वितळत नाही?

घरी परत आल्यावर शेजारच्या बायकांनी पहिला प्रश्न हाच विचारला. पनीरही दूध फाडूनच होतं, मग ते तव्यावर तसंच्या तसं का राहतं?

दुधातल्या मुख्य प्रथिनाला केसीन म्हणतात. त्याच्या बारीक कणांना कॅल्शियम एखाद्या डिंकासारखं बांधून ठेवतं. दूध आंबट झालं की हा डिंक थोडा विरघळतो. तो बेताने विरघळला, तर प्रथिनांची जाळी सैल होते आणि गरम केल्यावर सरकते, ताणली जाते, तिच्यात धरून ठेवलेलं तूप बाहेर येतं. कलाडीत हेच होतं. पनीर करताना आपण दूध उकळीच्या जवळ नेतो. त्या उष्णतेत दुधातली दुसरी प्रथिनं, जी एरवी निवळीबरोबर निघून जातात, ती केसीनला घट्ट चिकटतात. वर लिंबू किंवा सिरका जास्त पडला तर कॅल्शियमही बरंच निघून जातं. मग ती जाळी ना सैल होते, ना वितळते. म्हणून पनीर भाजीत तुकडा राहतं आणि कलाडी तव्यावर तार सोडते. सगळा खेळ दूध कोमट ठेवण्याचा आणि आंबटपणा बेताचा ठेवण्याचा आहे.

चीज हलाल आहे का?

हा प्रश्नही घरोघरी विचारला जातो. चीज ही गोष्ट आपल्याला नवी नाही. तबूकच्या मोहिमेत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर पनीर आणलं गेलं, त्यांनी सुरी मागवली, अल्लाहचं नाव घेतलं आणि ते कापलं, असं अबू दाऊद यांच्या संग्रहातल्या हदीसमध्ये येतं.

प्रश्न येतो तो रेनेटचा. पुष्कळ चीज करताना दूध घट्ट करण्यासाठी वासराच्या पोटातून काढलेलं रेनेट वापरतात. ते जनावर शरीअतप्रमाणे जबह झालेलं नसेल तर काय, यावर फिकहच्या इमामांमध्ये मतभेद आहेत. इमाम अबू हनीफा यांचं मत सवलतीचं आहे, शाफई मत कडक आहे. कोकणातली बरीच घरं शाफई, मराठवाड्यातली हनफी, तेव्हा आपापल्या आलिमांना विचारणं बरं. व्यवहारात मार्ग सोपा आहे. भारतात ज्या पाकिटावर शाकाहाराचा हिरवा ठिपका आहे त्यात जनावराचं रेनेट वापरता येत नाही, सूक्ष्मजीवांपासून केलेलं वापरतात. आखातातून किंवा परदेशातून कोणी चीज आणलं, तर मात्र मागची घटकांची यादी वाचा. यादी वाचायची सवय आणखी एका कारणासाठी हवी. हल्ली चीजसारखं दिसणारं, पण दुधाच्या स्निग्धतेऐवजी वनस्पती तेलावर केलेलं पदार्थही बाजारात मिळतात. ते वितळतं छान, पण ते दूध नाही.

कलाडीत यातली कुठलीच अडचण नाही. दूध, दुधाचीच आंबट निवळी आणि शेवटी तव्यावर मीठ.

घरी करून पाहायची असेल तर

मी आता महिन्यातून एकदा करते. गवळ्याकडचं म्हशीचं एक लिटर ताजं, न उकळलेलं दूध घ्यावं. टेट्रापॅकमधलं दूध चालत नाही आणि पिशवीवर 'होमोजिनाइज्ड' लिहिलेलं असेल तर गोळा नीट जमत नाही. कच्च्या दुधातून आजार येऊ शकतात, म्हणून शक्य असेल तर स्वयंपाकाचा थर्मामीटर लावून ६३ अंशांवर अर्धा तास ठेवावं, मग कोमट होऊ द्यावं. बोट बुडवून दहापर्यंत मोजता आलं पाहिजे इतकं कोमट, साधारण ४५ अंश.

दोन-तीन मोठे चमचे सिरका तेवढ्याच पाण्यात मिसळा. सिरक्याला हदीसमध्ये चांगलं सालन म्हटलं आहे, घरात बाटली असतेच. तो थोडा थोडा घालत दूध हलक्या हाताने ढवळा. गोळे जमून पाणी हिरवट दिसलं की लगेच थांबा, उरलेला सिरका घालू नका. दहा मिनिटं झाकून ठेवा. गोळा बाहेर काढून हाताने दाबून पाणी काढा.

आता उरलेली निवळी चांगली गरम करा, वाफ यावी पण उकळी नको. गोळा झाऱ्यात ठेवून अर्धा मिनिट त्यात बुडवा, काढून ताटात उलथन्याने दुमडा आणि दाबा. असं तीन-चार वेळा केलं की गोळा गुळगुळीत, चकचकीत होतो आणि ओढला तर ताणतो. त्याच्या दोन चकत्या थापा आणि मलमलच्या फडक्याखाली ताटात, फ्रीजमध्ये रात्रभर सुकू द्या. गोळा ताणला न जाता फुटायला लागला, तर आंबट जास्त झालं असं समजा. तो फेकू नका, त्याची पनीरसारखी भुर्जी छान होते.

तव्यावर टाकताना आच मंद ठेवा, तेल घालू नका, मीठ वरून घाला. कुलच्याऐवजी बेकरीतला लादीपाव चालतो. आमच्या घरी मात्र ज्वारीची गरम भाकरी, त्यावर कलाडी आणि बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा, हे जास्त खपतं. कोकणात तांदळाच्या भाकरीबरोबर करून बघा. रमजानमध्ये इफ्तारला तळणाचे जिन्नस कमी करायचे असतील, तर ही एक चकती चौघांना पुरते आणि तिला थेंबभर तेल लागत नाही.

काश्मीरला जाणार असाल, तर बोगद्यातून एकदम पलीकडे न जाता एक मुक्काम पटनीटॉपला करा. परतीच्या वाटेवर घरी न्यायच्या कलाड्या घ्यायच्या असतील तर नीट वाळलेल्या घ्या, सुती कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये बंद करू नका आणि घरी पोहोचल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवा. शक्यतो डेऱ्यावरून घ्या, भाव दुकानाचाच द्या. मुलांसाठी पेन्सिली आणि कोऱ्या वह्या बरोबर असू द्या. आणि जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा. त्यानंतर चूल विझलेली असते आणि सगळे म्हशींमागे वर गेलेले असतात.